वंशावळीचा प्रत्येक सांधा तपासा

वंशावळ शोधायला निघालेल्यांची कारणे वेगवेगळी असतात. कुणाला जात पडताळणी समितीपुढे पणजोबांपर्यंतचा कागद ठेवायचा असतो. कुणाच्या आजोबांच्या नावावरची जमीन अजून तशीच आहे आणि वारस नोंद करायची आहे. कुणाची परदेशात वाढलेली नातवंडे ‘आपण मूळचे कुठले?’ म्हणून विचारत आहेत. गोंधळ मात्र बहुतेकांचा एकच असतो: नाव सापडले, आता ते आपल्याच माणसाचे आहे हे कशावरून? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्याच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांची पाने आली आणि अनेक घरांनी कोतवाल बुक हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आपल्या गावाच्या पानावर पणजोबांचे नाव दिसले की जीव भांड्यात पडतो, हे साहजिक आहे. पण त्याच गावात, त्याच काळात, त्याच नावाची आणखी दोन माणसे असू शकतात.

म्हणून आधीच एक गोष्ट पक्की करून घ्या. वंशावळ दिसते नावांची, पण ती टिकते नात्यांवर. अमुक हा तमुकचा मुलगा, हे प्रत्येक वेळी एक वेगळे विधान आहे आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. दहा पिढ्यांच्या वंशावळीत असे नऊ सांधे असतात. त्यातला एक जरी अंदाजाने जुळवला असेल, तर त्याच्या वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याच कुणाचे असण्याची शक्यता उरते. पुरावा किती भरवशाचा, हे ठरवायची कसोटी अवघड नाही. कागद घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेला हवा आणि शक्यतो वंश सिद्ध करण्याखेरीज दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला हवा. शेतसारा वसूल करणाऱ्या तलाठ्याला तुमच्या घराण्याच्या थोरवीशी काही देणेघेणे नव्हते. त्याने लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवायचा तो त्यामुळेच.

स्वतःपासून मागे जा

पुष्कळजण वरून सुरुवात करतात. घराण्याचा एखादा नामांकित मूळपुरुष धरतात आणि त्याला आपल्यापर्यंत आणून जोडू पाहतात. अशा शोधात हवा तो दुवा ‘सापडतो’, कारण शोधणाऱ्याने तो आधीच ठरवलेला असतो. तुम्ही उलट जा. आपला जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा, पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद, असे एकेक पाऊल मागे टाका आणि एक सांधा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

कचेरीत जाण्यापूर्वी घर पाहून घ्या. जुनी रेशनकार्डे, शेतसाऱ्याच्या पावत्या, पेन्शनची पुस्तके, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, फोटोंच्या मागचे लिखाण हे सगळे पुरावेच आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘खापरपणजोबांचे नाव काय?’ असा सरळ प्रश्न विचारला तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी कोणते शेत कुणाच्या वाट्याला आले, आत्या कोणत्या गावी दिली, मुंबईला पहिल्यांदा कोण गेले, कुणाचे श्राद्ध कोणत्या तिथीला असते, असे विचारा. श्राद्धतिथीकडे तर मुद्दाम लक्ष द्या. मृत्यूचे साल विसरले जाते, पण महिना, पक्ष आणि तिथी घराघरांत पाठ असते. मृत्यू नोंदवहीतली तारीख जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली तर ही नोंद आपल्याच माणसाची आहे की नाही, ते बऱ्याच अंशी कळते. शिवाय जिथे श्राद्ध विधिवत होते तिथे वडिलांकडच्या आणि आईच्या माहेरच्या अशा दोन्ही बाजूंच्या तीन तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. आईच्या माहेरची नावे इतर कागदांत सहसा मिळत नाहीत, ती इथे मिळतात.

गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होते?

कागद कुठे असेल, कोणत्या भाषेत असेल, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी हा मुंबई इलाखा. नागपूरकडचा भाग मध्य प्रांतात. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या जुन्या महसुली कागदांत उर्दू भरपूर आहे. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, सावंतवाडी, जंजिरा या संस्थानांची दप्तरे वेगळी होती. गोव्यात १९६१ पर्यंतचा कारभार पोर्तुगीज भाषेत.

जिल्हेही बदलले आहेत. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये वेगळे झाले. त्याआधीचे दप्तर कदाचित जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच राहिले असेल. तालुक्याच्या कचेरीत ‘आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले तर ‘मग जुन्या जिल्ह्याकडे आहे का?’ हा पुढचा प्रश्न तुम्हीच विचारायचा. संगणकावर शोधतानाही जुनी नावे वापरून पाहा. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. ठाणे, सोलापूर, पुणे ही नावे इंग्रजी कागदांत थाना, शोलापूर, पूना अशी येतात.

कोणता कागद कुठे मागायचा

- तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष: गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजेच कोतवाल बुक), जुने सातबारे, फेरफार नोंदवही (नमुना ६), वारस नोंदवही (नमुना ६-क), पाहणीपत्रके, मराठवाड्यात खासरा पत्रक.
- तालुक्याचे भूमी अभिलेख कार्यालय: मोजणीचे टिपण, आकारफोड, गावठाणातली मिळकत पत्रिका आणि तिची चौकशी नोंदवही, एकत्रीकरण योजनेचे उतारे.
- प्राथमिक शाळा: प्रवेश-निर्गम नोंदवही. शाळा बंद झाली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा.
- ग्रामपंचायत किंवा नगरपालिका: घरपट्टीची आकारणी नोंदवही आणि अलीकडच्या काळातले जन्म-मृत्यू.
- दुय्यम निबंधक: खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे, मृत्युपत्रे.
- पुराभिलेखागारे: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पणजी.

मुसलमान घराण्यांना काझींची दप्तरे आणि निकाहनामे, ख्रिस्ती घराण्यांना चर्चमधली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे फार उपयोगी पडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर धर्मपित्याचे आणि धर्ममातेचेही नाव असते आणि ती माणसे पुष्कळदा नात्यातलीच असतात.

नोंद नीट वाचा

कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव असेलच, असे धरू नका. पुष्कळ पानांवर बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणजे ‘राघू बाळू यास मुलगा’ ही नोंद तुमच्या आजोबांची आहे की त्यांच्या थोरल्या भावाची, हे ती नोंद एकटी सांगू शकत नाही. शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव असते, पण तिथली जन्मतारीख पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो त्यामुळेच. तेव्हा कोतवाल बुकातली तारीख आणि शाळेतली तारीख जुळली नाही म्हणून घाबरून जाऊ नका आणि दोन्ही जुळवण्यासाठी कुठेही खाडाखोड करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. गाव, बापाचे नाव, जात आणि साधारण वय जुळते का ते पाहा. तफावत असेल तर ती उघडपणे मांडा आणि तिचे कारण द्या.

फेरफार हा माझ्या मते सामान्य घराण्याच्या शोधातला सर्वात मोलाचा कागद आहे. मुंबई इलाख्यात हक्क नोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपासून गावोगावी फेरफार मिळू लागतात. समजा एका फेरफारात लिहिले आहे की सर्व्हे नंबर ४२ चा खातेदार राघू बाळू अमुक तारखेस मयत झाला, वारस मुलगे बाळू व सखाराम, मुलगी ठकूबाई, विधवा पत्नी गंगूबाई. या चार ओळींत बापाचे नाव, मृत्यूची तारीख, तीन मुले आणि बायको सापडली. ही माहिती वंशावळीसाठी कुणी लिहिलेली नाही. सारा कुणाकडून घ्यायचा, हे ठरवण्यासाठी ती लिहिली गेली, गावात नोटीस लागली आणि हरकत घ्यायची संधी मिळाल्यावर मंजूर झाली. फेरफाराने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण कोण कुणाचा वारस, याचा त्या काळचा तो चांगला दाखला आहे.

मुलींच्या बाबतीत १९५६ हे साल लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा येण्यापूर्वी मुलगे असताना मुलींची नावे वारसांत सहसा लागत नसत. त्यानंतर ती लागू लागली. पुढे त्याच मुलींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले की त्या दस्तात त्यांचे सासरचे नाव आणि गाव येते. वंशावळीतून मुली गळून पडतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे दस्त मुद्दाम काढावेत. भावाला दिलेल्या हक्काच्या कागदावरच आत्याचे आणि पणआत्याचे पुढचे घर सापडते.

एकाच नावाचा सापळा

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत शोधणाऱ्याला फार चकवते. बाळूचा राघू, राघूचा बाळू, त्या बाळूचा पुन्हा राघू. चुलत घरांतही तीच नावे. अशा वेळी चाळीस वर्षांच्या अंतराने आलेले दोन ‘राघू बाळू’ एकच समजले जातात आणि दोन पिढ्या गायब होतात. आडनावाचा आधार घ्यावा तर तोही पक्का नाही. जुन्या कागदांत आडनाव लिहिलेले नसते, नाहीतर हुद्द्यावरून पाटील, कुळकर्णी, चौगुले असे लिहिलेले असते. गाव सोडून गेलेली शाखा नव्या ठिकाणी जुन्या गावाच्या नावाने ओळखली जाते आणि मूळ गावातले भाऊबंद वेगळेच आडनाव लावतात. दत्तकामुळे तर मुलगा एका बापाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जातो आणि कागदावर दोघांचाही मुलगा म्हणून दिसतो.

यातून वाट काढायची ती नावाखेरीज दुसऱ्या खुणांनी. जमीन ही त्यातली सर्वात चांगली खूण, कारण माणसे बदलतात, सर्व्हे नंबर तोच राहतो. मात्र १९४७ च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. जुना आणि नवा नंबर जुळवणारा उतारा हातात नसेल तर भलत्याच शेताचा इतिहास काढून बसाल. भावांची नावे, बायकोचे नाव, वाडी, वय, कर्जाला साक्षीदार कोण राहिले, हेही ताडून पाहा. तीन खुणा जुळल्या तर माणूस तोच, असे म्हणायला आधार आहे. नुसते नाव जुळले तर वंशावळीत त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि पुढे जाण्याची घाई करू नका.

मोडी आणि जुनी साले

मोडी येत नाही, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. थांबायचे कारण नाही. पण मोडी वाचणाऱ्याकडे काय न्यायचे आणि काय विचारायचे, हे माहीत हवे. नोंदीची एकच ओळ कापून नेऊ नका. पूर्ण पान न्या, वहीचे मुखपृष्ठ न्या, रकान्यांची शीर्षके दिसू द्या. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि जातीसारखी माहिती ‘कु.’ अशी एका अक्षरात आटोपलेली असते. त्या एका अक्षराचा अर्थ त्याच वहीतल्या इतर नोंदींवरूनच ठरवता येतो. महत्त्वाच्या पानाचे वाचन दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे करून घ्या. दोघांच्या वाचनात फरक पडला तर तेवढ्या जागेपुरता तिसरा विचारा.

काही शब्द ओळखता आले तरी बरेच काम होते. ‘राघोजी बिन बाबाजी’ म्हणजे बाबाजीचा मुलगा राघोजी. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात ‘बिन’च्या जागी ‘वलद’ येते. ‘मर्द’ किंवा ‘कोम’ या शब्दानंतर नवऱ्याचे नाव येते. सालांचे गणित असे:

- शके: ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९.
- फसली: ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धात ५९१.
- सुहूर सन: ५९९ मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धात ६००.
- राज्याभिषेक शक: १६७३ मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धात १६७४.

संकेतस्थळे कुठवर नेतात

महसूल विभागाच्या संकेतस्थळावर आजचा सातबारा दिसतो आणि त्याच विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर जुन्या कागदांची स्कॅन केलेली पाने आहेत. ती सर्व तालुक्यांची नाहीत आणि वाचनीय दिसतीलच असेही नाही. तुमचे गाव तिथे नसेल तर कागदच नाही, असे समजू नका. तो कपाटात असू शकतो. ‘फॅमिलीसर्च’ हे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी इथल्या चर्चने चालवलेले संकेतस्थळ फुकट आहे. हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या पंड्यांच्या वह्या तिथे पाहता येतात. त्या मुख्यतः उत्तरेकडच्या असल्यामुळे मराठी घराण्यांना हाती थोडेच लागते. घरातले कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आले असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव टाकून पाहा. तिथे कित्येक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे.

परदेशी संकेतस्थळांच्या जाहिराती पाहून एक गैरसमज होतो, तो इथेच दूर करायला हवा. इंग्लंड-अमेरिकेतले लोक जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांवरून पूर्वज शोधतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने त्या नोंदी गोपनीय आहेत. कितीही पैसे भरले तरी तुमच्या पणजोबांचा जनगणनेतला कागद कोणतीही कंपनी तुम्हाला देऊ शकत नाही. ‘जेनी’ किंवा ‘मायहेरिटेज’सारख्या ठिकाणी दुसऱ्याने तयार केलेला वृक्ष आयता मिळतो. तो उतरवून घेऊ नका, वाचा. त्याने प्रत्येक नावाला कोणता कागद जोडला आहे ते पाहा आणि काहीच जोडलेले नसेल तर ती फक्त पुढच्या शोधाची दिशा समजा. थुंकीचा नमुना पाठवून होणारी जनुकीय चाचणी जवळचे नातेवाईक त्याच कंपनीकडे असतील तरच ओळखते. आपल्याकडच्या गावाचे, आडनावाचे किंवा जातीचे प्रमाणपत्र तिच्यातून निघत नाही.

‘आमच्याकडे जमीनच नव्हती’

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. जमीन, वतन, दस्त हे सगळे ज्यांच्याकडे होते त्यांच्यासाठी ठीक. ज्यांना पिढ्यान्पिढ्या जमीन मिळू दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, त्यांनी काय करायचे? त्यांचा मार्ग अवघड आहे, हे मान्यच करायला हवे. पण कागद अगदीच नसतो असे नाही. महार वतनाच्या नोंदवह्यांत तक्षिमा, म्हणजे हिस्से, कुणाकुणाचे ते लिहिलेले असे. ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि तेव्हाच्या जमिनींच्या पुनर्प्रदानाचे कागदही झाले. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची नावे कूळ म्हणून सातबाऱ्यात लागली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या, त्यांच्या फायलींत कुळाचे आणि त्याच्या वारसांचे जबाब असतात. पलटणीत गेलेल्यांची पेन्शनची कागदपत्रे असतात. विमुक्त जमातींच्या घराण्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटमध्ये कोंडले होते आणि तिथे कुटुंबे नोंदवून ठेवली जात. १९५२ मध्ये तो कायदा गेला. अपमानासाठी केलेली नोंद आज त्याच घराण्याचा पुरावा होत असेल तर ती मागण्यात संकोच बाळगू नका.

हेळवी, तीर्थोपाध्ये आणि छापील कुलवृत्तांत

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतात. खानदेशात काही समाजांच्या भाटांच्या पोथ्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. यांना दंतकथा म्हणून उडवून लावणारे चुकतात आणि शब्दन् शब्द खरा मानणारेही चुकतात. वर सांगितलेली कसोटी इथेही लावा. हेळव्याने दरवर्षी येऊन त्या त्या वेळी जन्मलेल्या मुलांची नावे घातली असतील तर तो भाग समकालीन आहे, भरवशाचा आहे. तीर्थोपाध्यायांच्या वहीत तुमच्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने आपले, बापाचे, भावांचे नाव, गाव आणि तारीख लिहिली असेल, तर त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. मात्र त्याच पोथीत मूळपुरुष एखाद्या पौराणिक राजाच्या वंशातला असेल किंवा अमुक गडावरून आला असेल, तर तो भाग परंपरा म्हणून वेगळ्या पानावर लिहा. वंशावळीत मिसळू नका.

छापील कुलवृत्तांतांचेही तसेच. संपादकांच्या पिढीच्या जवळची माहिती बहुधा चोख असते, कारण ती घराघरांतून पत्रे पाठवून गोळा केलेली असते. जुन्या पिढ्यांसाठी मात्र त्यांनी कशाचा आधार घेतला ते शोधा. पुष्कळदा तो आधार इनामाच्या वादातल्या वंशावळीचा असतो. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले, १८५२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्यासाठी दिलेल्या कैफियती आणि वंशावळी पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्या अमूल्य आहेत, पण इनाम वाचवण्यासाठी वंश अखंड दाखवण्यात देणाऱ्याचा स्वार्थ होता, हे त्या वाचताना विसरू नका. त्याच घराण्याच्या विरुद्ध पक्षाने दिलेली वंशावळ मिळाली तर तीही शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत जे समान आहे ते खरे धरायला हरकत नाही.

परदेशातून शोधणाऱ्यांसाठी

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गिरमिटिये म्हणून गेले. त्यांची नोंदणी रजिस्टरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज अशी माहिती मिळते. गावाचे स्पेलिंग कारकुनाला जसे ऐकू आले तसे आहे, म्हणून ते मोठ्याने वाचा आणि त्या उच्चाराचे गाव जुन्या तालुक्यात शोधा. गोव्याबाहेर गेलेल्या घराण्यांनी चर्चची रजिस्टरे आणि पोर्तुगीज काळातली जन्मनोंदणी पाहावी. हिंदू घराण्यांना देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या आणि गावकारीचे कागद पिढ्या जोडून देतात.

तुमचे हक्क

जात पडताळणीसाठी शोधत असाल तर कोणत्या तारखेआधीचा पुरावा लागतो, हे आधी पाहा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. जात सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर आहे. २०११ च्या आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन दिले आणि चालीरीतींच्या चाचणीवर सगळे ठरवू नये असे सांगितले. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही मोठे बळ आहे. पण ते नाते दाखवणारा प्रत्येक सांधा कागदाने जोडलेला हवा. केवळ आडनाव सारखे म्हणून दुसऱ्याच्या प्रमाणपत्राला आपली वंशावळ चिकटवून देणारे दलाल सर्वत्र आहेत. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ वही उघडून पाहते. खोटेपणा निघाला तर प्रमाणपत्र आणि त्यावर मिळालेले लाभ जातातच, वर फौजदारी शिक्षाही आहे.

नक्कल मागताना अर्जाची पोच घ्या. नोंद मिळत नसेल तर ‘नोंद आढळून येत नाही’ असे लेखी मागा. तोंडी नकार मान्य करू नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे कुणालाही शोध घेऊन उतारा मागता येतो. मृत्यूचे कारण तेवढे त्यात दिले जात नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील ३० दिवसांत आणि दुसरे ९० दिवसांत. जुन्या कागदाला ‘खासगी माहिती’ म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही मोजके अपवाद सोडता द्यावी लागते. फाइल गहाळ आहे, हे नकाराचे कायदेशीर कारण नाही.

बरोबरीने शोधणाऱ्यांशी वागताना

एकाच आडनावाचे, एकाच गावाचे लोक व्हॉट्सॲपवर एकत्र येऊन शोधतात, ही चांगली गोष्ट आहे. एकाने नक्कल काढली तर दहा घरांचे काम होते. पण देवाणघेवाण करताना नाव आणि कागद एकत्रच द्या: कोणती वही, कोणते गाव, कोणते साल, कोणते पान. नुसता तक्ता पाठवला तर त्यातला अंदाज तिसऱ्या हातात पोचेपर्यंत पुरावा झालेला असतो. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव उघड्यावर टाकू नका, बँकाही ओळख पटवायला हेच विचारतात. दत्तक, दुसरे लग्न, सोडलेली बायको असे काही सापडले तर लपवून वंशावळ खोटी करू नका आणि संबंधित घराला न विचारता चव्हाट्यावरही आणू नका.

शेवटी कामाच्या क्रमाबद्दल. आधी घरातल्या सर्वात वृद्ध माणसाकडे जा आणि बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. मग शाळेत जा, कारण शाळांची जुनी रजिस्टरे ओल आणि वाळवी खाते आणि त्यांची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. त्यानंतर तहसीलचा अभिलेख कक्ष. पुराभिलेखागार सर्वात शेवटी ठेवलेत तरी चालेल. तिथले कागद बांधून, निगुतीने ठेवलेले आहेत. पुढच्या वर्षी गेलात तरी मिळतील.